नायकाच्या घरी आलेले सहा अंक

सोमवार, २ डिसेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. ही वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेल्या छायाचित्राखाली ती उमटलेली आहे. मी यवतमाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात संशोधन-प्रवेशपरीक्षेची तयारी करते. त्या वेळी प्रयोगशाळेत अकरावीची मुले लंबकाची आंदोलने मोजत होती. फोन थरथरला. छायाचित्रात एका संकेतस्थळाचे पान होते, त्याच्या माथ्यावर लहानसे कुलूप. नव्या फोनांवर ते हल्ली दिसेनासे होत चालले आहे. बापूंच्या जुन्या फोनवर अजून दिसते. त्याभोवती त्यांनी बोटाने लाल वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते, 'कुलूप हाय. पाहून घेतलं. आता तुह्या याडीचे गाणे भेटतेत.'

मी कुलपाकडे पाहिले नाही. कुलपाच्या शेजारी जो पत्ता होता तो वाचला, आणि लंबक मुलांवर सोडून व्हरांड्यात आले.

याडी म्हणजे आई. आमचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, फुलसावंगीच्या जवळ आहे आणि घरात आम्ही गोरबोलीच बोलतो. वाचकाची अडचण होऊ नये म्हणून ती बोलणी मी इथे आमच्या भागातल्या वऱ्हाडीत लिहिते. याडी हा शब्द मात्र बदलवत नाही.

आमच्या तांड्यातल्या मुलींना ढावलो याडीच शिकवते. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने एकेका नातलगाच्या गळ्यात पडून म्हणायचे गाणे. ते पुस्तकातून येत नाही. नवरीला ते शिकवणारीच्या समोर बसून, तिच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन शिकावे लागते, कारण त्यातले हुंदकेसुद्धा ठरलेल्या जागी येतात. गेल्या पावसाळ्यात याडीच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ स्वरयंत्राच्या नसेला चिकटलेली होती. नस दुखावेल, आवाज जाईल, परत येईलही, किती येईल ते सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच नीट समजावले होते. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती रोज दुपारी कडब्याच्या गंजीआड जाऊन बसायची आणि फोन समोर ठेवून गायची. मला हे तिनेच सांगितले, तेही नंतर, कुजबुजून. कारण नंतर तिच्याकडे कुजबुजच उरली होती.

दिवाळीच्या साफसफाईत तो फोन गुरांच्या हौदात पडला. गावातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, वाळवला, आणि दोन दिवसांनी हात जोडून परत दिला. तरीही गाणी गेलेली नव्हती. फोनमध्ये साठलेले सारे आपोआप तिच्या खात्यात चढत असे. ते खाते आंतरजालावर कुठेतरी शाबूत होते. फक्त त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. आणि तांड्याचे प्रमुख असलेल्या नायकदादांच्या नातीचे लग्न महिनाअखेरीला होते. नवरी रोज येऊन याडीसमोर बसत होती, याडी ओठ हलवत होती, आणि मुलगी रिकाम्या हाताने घरी जात होती.

मी बापूंना फोन लावला.

"त्या पानावर काही भरलं काय?"

"भरलं नं सारं. याडीचं खातं कोणतं ते भरलं, अन् नंबर कोणाचा जोडला हाय तेही भरलं."

"कोणाचा नंबर?"

"नायकाचा. दुसरा कोणाचा असते?"

खरेच, दुसऱ्या कोणाचा असणार. काही वर्षांपूर्वी गावातल्या मोबाईलच्या दुकानात याडीचे खाते उघडले तेव्हा दुकानदाराने विचारले होते, पासवर्ड विसरलात तर निरोप कोणत्या नंबरवर पाठवायचा? याडीने क्षणाचाही विचार न करता नायकाचा नंबर सांगितला. तिनेच नव्हे, अर्ध्या तांड्याने. तांड्यात येणारा निरोप आधी नायकाच्या दारी येतो, मग ज्याचा त्याला पोचतो. लग्नाचे बोलावणे, मयताची खबर, तहसीलचा कागद, सगळ्यांची वाट तीच. तेव्हा पासवर्डच्या निरोपानेही त्याच वाटेने यावे, यात कोणाला वावगे वाटले नाही. अशा रीतीने अर्ध्या तांड्याच्या खात्यांची किल्ली एका सत्तरीच्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात राहत होती, आणि त्या माणसाचा धर्मच हा होता की मागणाऱ्याचा निरोप अडवायचा नाही.

"बापू, ते पान बंद करा. आता काहीच भरू नका."

"काहून? कुलूप हाय."

"घरी येऊन सांगते."

"तू नेहमी घरी येऊनच सांगते," बापू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढे काय घडणार ते मला दिसत होते. त्या पानामागे बसलेल्या माणसाने आतापर्यंत खऱ्या कंपनीकडे याडीच्या खात्याचा पासवर्ड विसरल्याची तक्रार केली असणार. खरी कंपनी खरा कोड नायकाच्या फोनवर धाडणार. त्या माणसाला एवढेच करायचे होते की नायकाला फोन करून ते सहा अंक विचारायचे. अंक मिळाले की पासवर्ड तो बदलणार, नंबर तो बदलणार, आणि कडब्याच्या गंजीआडचा तो आवाज आम्हाला पुन्हा कधीही ऐकू येणार नाही.

मी नायकदादांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, म्हणजे ते आधीच फोनपाशी होते.

"दादा, मी बोलून राह्यली."

"बोल बेटा. तुह्याच घरचं काम चालू हाय. शहरातून एका साहेबाचा फोन आलता. म्हणे, तुमच्या फोनवर सहा अंक आले, ते सांगा. मी म्हणलं, थांब, चष्मा आणतो. थो म्हणे, दोन मिनिटांत फिरून लावतो. लय नरम बोलते माणूस."

"ते अंक सांगू नका, दादा."

"काहून? निरोप तुह्या याडीचा हाय. माह्या दारात आजवर कोणाचा निरोप अडला नाही. तुह्या आज्याच्या वक्तापासून नाही अडला."

वेळ कमी होता. मी फसवणूक हा शब्द वापरला असता तर त्यांनी मला त्या माणसाच्या नरम बोलण्याचा पुरावा दिला असता. संकेतस्थळ, कोड, खाते हे सगळे समजावण्याएवढी सवड नव्हती. मला असे काहीतरी हवे होते जे त्यांच्याकडे आधीपासून होते.

"दादा, त्यानं तांडा सांगितला काय?"

पलीकडे चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला.

"गोत्र? मामाचं गोत्र?"

आमच्या तांड्यात परका माणूस निरोप घ्यायला आला की नायक त्याला आधी पाणी देतो आणि मग तीन प्रश्न विचारतो. कोणता तांडा, कोणते गोत्र, आणि मामाचे गोत्र कोणते. पहिली दोन उत्तरे कोणीही पाठ करून येईल. तिसऱ्याला खोटा माणूस अडखळतो. पाहुणा ओळखीचा असला तरी हे प्रश्न चुकत नाहीत, फक्त तेव्हा ते हसून विचारले जातात.

"नाही सांगितलं," नायकदादा सावकाश म्हणाले. "मीच नाही इचारलं. फोनवर होता म्हणून राह्यलं."

"मंग निरोप कसा देता?"

"कसा देईन. ठेव तू. त्याचा फोन येते आता."

मी उरलेले तास एका सहकारिणीकडे सोपवले आणि उमरखेडची बस पकडली. महागावला उतरून जीपने फुलसावंगी, तिथून पायी. वाटभर मला एवढेच ठाऊक होते की मी एका वृद्ध माणसाला त्याचा स्वतःचा नियम आठवून दिला आहे. तो पुरला की नाही, हे विचारायला मी तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तो लागला नाही.

घरी पोचले तेव्हा अंगणात बापू बाजेवर बसून नायकाच्या घरच्या लग्नपत्रिकांवर पत्ते लिहीत होते. त्यांचे अक्षर चांगले आहे, म्हणून तांड्यातल्या प्रत्येक लग्नाचे हे काम त्यांच्याकडे असते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "गेलतो मी नायकाकडे. सारं ऐकलं म्या. त्यानं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता. दादाजी, नंबर मिळाला का, असे विचारत होता. नायकाने विचारले, कोणता तांडा? तो म्हणाला, मी हेड ऑफिसातून बोलतो. नायक म्हणाला, हेड ऑफिसात जन्मला काय? माय-बाप कोठचे? तो म्हणाला, दादाजी, वेळ जातो आहे. नायक म्हणाला, वेळ माहाही जाते, मामाचं गोत्र सांग. यावर समोरचा जरा चिडला आणि म्हणाला, तुम्हाला खाते परत हवे आहे की नाही? नायक म्हणाला, खातं माहं नाहीच. ज्या बाईचं हाय तिचं गोत्र सांग अन् अंक घेऊन जाय.

"मंग?"

"मंग काय, कापला त्यानं फोन. नायक दिवसभर नाराज हाय. म्हणते, वाईट माणूस असो का चांगला, आपण पाणी इचारलं नाही."

दारात याडी उभी होती. तिच्या कुजबुजीला जवळ जावे लागते, म्हणून मी गेले. ती म्हणाली, "तुह्या बापाले काही बोलू नको. सकाळपासून जेवला नाही."

मी बोलणार नव्हतेच. बापूंनी चूक केली होती ती निष्काळजीपणाने केली नव्हती. त्यांनी तपासूनच केली होती. कुलूप पाहा, मगच पुढे जा, हे ग्रामपंचायतीतल्या टीव्हीवर त्यांनी ऐकले होते आणि तंतोतंत पाळले होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "कुलूप खरं होतं, बापू."

त्यांनी लेखणी थांबवली.

"तुम्ही इथून जे लिहिता ते तिथं पोचेपर्यंत मधल्या कोणाले वाचता येत नाही, एवढंच ते कुलूप सांगते. त्या घरात कोण बसला हाय, ते नाही सांगत. चोरही आपल्या घराले कुलूप लावते."

"मंग पाहाव तं काय पाहाव?"

मी त्यांच्यापुढची एक कोरी पत्रिका घेतली आणि तिच्यावर लिहिले: फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ. मग दुसरीवर लिहिले: यवतमाळ-महागाव-फुलसावंगी मदत केंद्र, आणि त्यापुढे दूरच्या एका राज्यातला, आम्ही दोघांनीही न पाहिलेला जिल्हा.

"ही दुसरी पत्रिका कुठं जाईल?"

बापूंनी ती लांब धरली, जवळ धरली. "हे कायचं इथं येते? सुरुवातीले यवतमाळ लिहिलं म्हणून येते काय? टपालवाला जिल्हा पाह्यते. थो तं शेवटी असते."

"संकेतस्थळाचा पत्ताही तसाच असते. मोठं ठिकाण शेवटी. पहिली तिरपी रेघ येते नं, तिच्या अलीकडचे, टिंबानं तोडलेले शेवटचे दोन शब्द पाह्यचे. सगळ्यात शेवटचा म्हणजे राज्य समजा, अन् त्याच्या आधीचा म्हणजे जिल्हा. घर कोणाचं ते तिथं कळते. त्याच्या आधी कोणी काहीही लिहू शकते."

मी सकाळचे छायाचित्र उघडून दिले. त्यांनी बोट सरकवत वाचले. सुरुवातीला त्या प्रसिद्ध कंपनीचे नाव होते, मग आडवी रेघ, मग 'मदत', मग 'खाते', आणि शेवटी, तिरप्या रेघेच्या अलीकडे, कोणाचेही नसलेले एक नाव. बापूंनी त्या शेवटच्या नावावर बोट टेकवले.

"म्हणजे नाव आपल्या पाहुण्याचं," ते म्हणाले, "अन् जिल्हा भलताच."

"हो."

"मी सुरुवात वाचली अन् कुलूप पाह्यलं. मधलं लांबलचक होतं, म्हणून सोडलं." मग थोडे थांबून, पत्रिकांचा गठ्ठा उगाच सरळ करत, "मले वाटलं, तू शनिवारी येशील तवा गाणं लावून ठेवलेलं असन. घरात पाऊल टाकशील अन् आवाज येईल."

याडी आतून ताटे घेऊन आली होती. तिने ऐकले. ताट त्यांच्यासमोर ठेवताना ती कुजबुजली, "तीस वर्सं म्हणत होता, हळू गाय, बैल बुजतेत."

"बुजतच होते," बापू म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खरे काम केले. कोणत्याही शोधपानावरून न जाता कंपनीचा पत्ता मी याडीच्या नव्या फोनवर एकेक अक्षर स्वतः टाइप केला. बापूंनी शेजारी बसून शेवटचे दोन शब्द मोठ्याने वाचले आणि मान हलवली. पासवर्ड विसरल्याचे सांगितले. कोड पाठवला आहे, असे उत्तर आले. मी आणि याडी नायकाच्या घरी गेलो.

नायकदादा ओट्यावर बसले होते. चष्मा या वेळी डोळ्यांवरच होता. मी हात पुढे केला.

"कोणता तांडा?" त्यांनी विचारले.

मी हसले. ते हसले नाहीत. मला पाळण्यात असल्यापासून ओळखणाऱ्या माणसाला मी तांडा सांगितला, गोत्र सांगितले, मामाचे गोत्र सांगितले. नवरी दाराआडून पाहत होती.

"निरोप कोणाचा?"

"याडीचा."

"मंग तू काहून मागते? ती उभी हाय नं."

याडी पुढे झाली. त्यांनी तिलाही विचारले, आणि तिने कुजबुजत तिन्ही उत्तरे दिली. तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नसावा; त्यांनी ओठ वाचले असतील, किंवा नुसते पाहिले असेल. मग त्यांनी अंक मोठ्याने न वाचता फोन तिच्याकडे वळवून धरला, तळहाताचा आडोसा करून, जसा वाऱ्यात दिवा धरतात. तिने सहा अंक एकेक करून टाकले आणि खाते उघडले.

मी सर्वांत आधी नंबर बदलला. तिथे आता याडीचा स्वतःचा नंबर आहे. नायकदादांना वाईट वाटेल अशी मला भीती होती, पण ते म्हणाले, "बरं झालं. बाकीच्यायचेही काढ. माह्या खिशात फार जड होते ते." त्या आठवड्याच्या सुट्टीत मी घरोघर जाऊन तेच केले.

पासवर्ड याडीने ठरवला. ती चौथीपर्यंत शिकली आहे. फोन छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून तिने तो टाइप केला, पुन्हा टाइप केला, आणि माझ्याकडे वळली.

"लांब ठेवला नं?" मी विचारले. "कोणाच्या नावाचा नाही नं? सांग, मी पाह्यते बरोबर हाय काय."

"तूच सांगितलं, कोणाले सांगाचा नाही."

"मले तं सांग."

तिने मान हलवली. बापू म्हणाले, "मले?"

"तुमाले तं नाहीच," ती म्हणाली. आजही तो आम्हा दोघांना ठाऊक नाही. परीक्षक म्हणून मी तिला पूर्ण गुण देते.

गाणी सगळी होती. पहिले लावले तेव्हा अंगणात नवरी होती, नायकदादा होते, आम्ही तिघे होतो. आवाज सुरू झाला आणि याडीचा हात आपोआप गळ्यावर गेला, पट्टी असायची त्या जागी. ध्वनी ही दाबातल्या बदलाची लहर आहे, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी त्या वाक्याचा मला काही उपयोग झाला नाही. गाण्याच्या मध्येच, याडी एका उंच स्वरावर थांबलेली असताना, त्याच रेकॉर्डिंगमध्ये लांबून बापूंचा आवाज आला: 'चहा होते काय आज?' नवरी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. बापू उठून गुरांकडे गेले.

"ते काढता येते," मी याडीला म्हणाले. "तेवढाच तुकडा कापता येते."

"राहू दे," ती म्हणाली.

मग शिकवणी सुरू झाली. फोन गात होता आणि याडी त्याच्या शेजारी बसून नवरीच्या गुडघ्यावर हाताने श्वासाच्या जागा दाखवत होती. मुलगी चुकली की याडी गाणे थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा लावायची. लग्नाच्या दिवशी नवरीने ढावलो म्हटला. शेवटी ती याडीच्या गळ्यात पडली तेव्हा हुंदके ठरलेल्या जागी आले की नाही, हे मी तपासले नाही.

राहिली एक नोंद. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी याडीला रोज मोठ्याने एक शब्द म्हणायला सांगितले होते आणि मला त्याची प्रगती मोजायला. माझी पद्धत साधी आहे. ती घराच्या उंबऱ्यावर उभी राहते, मी तिच्याकडे पाठ करून अंगणात पुढे पुढे सरकते आणि शब्द ऐकू येईनासा झाला की थांबते; मग बापू टेप धरतात. अंतर दुप्पट झाले तर आवाजाची शक्ती चौपट झाली, असे मी बापूंना समजावले आहे, आणि ते दर वेळी ते नव्याने ऐकल्यासारखे ऐकतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले माप १.२ मीटर होते. दिवाळीपर्यंत ते हलले नव्हते. गाणी परत आल्यापासून ती सकाळी दार लावून स्वतःच्याच आवाजाबरोबर सराव करते. बाहेर फक्त फोनचे गाणे ऐकू येते, पण कधी कधी त्याच्याखाली दुसरे काहीतरी असते, खरखरीत आणि अर्धा स्वर मागे.

शब्द कोणता म्हणायचा ते बाईंनी तिच्यावर सोडले होते. आधी ती माझे घरातले नाव म्हणायची. आता ती नायकासारखी माझी ओळख विचारते, एकाच शब्दात. काल संध्याकाळी मी तुरीच्या कुंपणाकडे तोंड करून पुढे सरकत होते, आणि पाठीमागून, उंबऱ्यावरून, शब्द आला.

"कोणाची?"

"तुहीच," मी म्हणाले आणि आणखी एक पाऊल पुढे टाकले. तरीही आला; त्यापुढच्या पावलावर मात्र आला नाही. बापूंनी टेपचे टोक तिच्या पायाशी दाबून धरले, दुसरे मी माझ्या टाचेशी टेकवले, आणि वाकून वाचले.

६.४ मीटर.